सतरा मिलिमीटर

आमच्या ताईला माणूस भेटला की आधी त्याचे गुडघे दिसतात, मग चेहरा. भावोजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा आई त्यांचा पगार आणि स्वभाव काढून घेण्यात गुंतली होती, आणि ताई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली की माणूस बरा वाटतो, पण डाव्या बुटाची टाच जास्त झिजली आहे, एक पाय अर्धा सेंटिमीटर आखूड असणार. तिनं लग्न केलं ते त्याच माणसाशी. बुटात एक जाड पट्टी घातली आणि दहा वर्षांची त्यांची कंबरदुखी गेली. भावोजी ही गोष्ट अजून भेटेल त्याला सांगतात, ऐकणारा आधी ऐकून कंटाळलेला असला तरी.

ताई लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर आहे. त्यातही साधं मोडलेलं हाड घेऊन कोणी आलं तर ती त्याला शेजारच्या खोलीत पाठवते. तिला हवे असतात ते लाखात एखाद्या मुलाला होणारे आजार, ज्यांची नावं आगगाडीसारखी लांब असतात आणि ज्यांच्यावर औषध बहुतेक नसतंच. तिच्या वर्गातल्या डॉक्टरांनी स्वतःचे दवाखाने थाटले. ही आठ वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून हाडाचे कपचे बघत बसली. वडील एकदा हताश होऊन म्हणाले, "अगं, एवढं शिकतेस, पण या रोगाचे रोगी तरी सापडतील का तुला?"

सापडले. रात्रभर प्रवास करून, सात डॉक्टरांच्या फायली पिशवीत घालून आईबाप यायला लागले. त्यातला एक आजार ताईनं आपला मानला. त्यात पायांची हाडं मऊ राहतात, गुडघे बाहेर वाकतात आणि उंची अडते. त्याचं खरं नाव मला या जन्मी उच्चारता येणार नाही. ताई आणि मुलं त्याला नुसतं 'वाकडी' म्हणतात. "वाकडी काय म्हणते आज?" असं ताई विचारते, आणि मूल जणू एखाद्या खाष्ट आत्याबद्दल सांगावं तसं वाकडीच्या तक्रारी सांगतं.

मी ताईचा धाकटा भाऊ. फरशा बसवतो. नववीत शाळेचं आणि माझं पटलं नाही. ताई मला 'गवंडी' म्हणते, फरशीवाला आणि गवंडी यांत फरक असतो हे तीस वर्षं सांगूनही.

तिची खोली इस्पितळाच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर. एक तपासणीचा पलंग, एक लोखंडी कपाट, तान्ह्या बाळांना झोपवून मोजायची लाकडी पाटी, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर उंचीची मोजपट्टी. ती बावीस वर्षांपूर्वी खोली मिळाली त्या दिवशी ताईनं स्वतः पोलादी टेप लावून आखली आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून पक्क्या रंगात काढून घेतली. पन्नासपासून दीडशेपर्यंत. पन्नासच्या खाली काही काढलं नाही, कारण तिथे चाकाच्या खुर्च्या आपटतात. इस्पितळानं नंतर उंची मोजायचं चकचकीत यंत्र दिलं होतं. त्याची पट्टी डोक्यावर खट्‌कन येते, आणि चार शस्त्रक्रिया झालेलं मूल त्या आवाजानं अंग चोरतं, एक सेंटिमीटर तिथेच कमी होतो. म्हणून यंत्र अडगळीत गेलं. "भिंत कुणाला घाबरवत नाही आणि कुणाचं ऐकतही नाही," ताई म्हणायची. "बावीस वर्षं तीच भिंत. हेच माझं संशोधन."

त्या पट्टीवर शंभराच्या आकड्याशी एक लाल रेघ आहे. एरवी माणसाचे शंभर भरले म्हणजे त्याची घटका आली असं आपण म्हणतो. ताईच्या खोलीत मुलं शंभर भरायची वाट बघतात. वाकडीच्या मुलांना मीटरभर उंची गाठायला दहा-अकरा वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. ज्याचं डोकं लाल रेघेला लागेल त्यानं रेघेच्या वर मार्करनं सही करायची. ती सही कधी पुसली जात नाही.

दुसरा नियम वहीचा. वहीत आकडा चुकला तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. नव्या डॉक्टरांना ती हे औषधांच्या आधी शिकवते. मुलांनाही माहीत आहे, कारण वही लिहिताना ती त्यांना शेजारी बसवून घेते.

आता माझं कर्तृत्व ऐका. खोलीची जुनी फरशी घासून घासून गुळगुळीत झाली होती. पायांना पट्ट्या बांधलेली मुलं तिच्यावरून घसरायची. एका मुलीच्या मांडीचं हाड तपासणीच्या खोलीतच मोडलं, तेव्हा ताई मला फोनवर म्हणाली, "गवंडी, मला न घसरणारी जमीन दे." मी खरबरीत टाईल निवडली. जुनी फरशी फोडायची तर आठवडा गेला असता, आणि सोमवारी चाळीस मुलं येणार होती. मी फरशीवरच फरशी घातली. शनिवारी सुरू, रविवारी संध्याकाळी खलास. भिंतीला खालून स्कर्टिंग मारलं, सुताराकडून दाराला खालून रंधा मारून घेतला, आणि सोमवारी ताईनं बूट काढून मोज्यांवर घसरून बघितलं. घसरली नाही. त्या दिवसापासून त्या खोलीत एकही मूल पडलेलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो, कारण पुढचं सांगताना अभिमान शिल्लक राहत नाही.

त्याच महिन्यात वाकडीवरचं नवं औषध आलं. महिन्याला मांडीत एक इंजेक्शन. हाडं घट्ट होतात एवढं त्याच्याबद्दल माहीत होतं. मुलं त्या दिवशी घरून निघतानाच रडायला लागायची आणि दोन दिवस तापानं फणफणायची. रोगीच एकूण एक्केचाळीस, त्यामुळे ताईनं सगळ्यांना दिलं आणि प्रत्येकाची आधीची वाढ नि नंतरची वाढ ताडून बघायची ठरवलं. तीन वर्षं ती वही भरत राहिली.

आणि एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो तर जेवणाच्या टेबलावर आलेखांचे कागद पसरलेले. ताई अजून आलेख हातानं काढते, प्रत्येक मुलाचा रंग वेगळा. भावोजींना चहाचा कप ठेवायला जागा नव्हती, ते कप हातात धरून उभे होते. ताईचा चेहरा असा फुललेला मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. ती म्हणाली की औषधानं मुलं उंच होतात. पहिल्या डोसनंतर प्रत्येक मुलाची रेघ एकदम वर चढली आहे. पुढे मात्र ती पूर्वीच्याच संथ चालीनं जाते, म्हणजे डोस कमी पडतो आहे, तो दुप्पट केला पाहिजे. येत्या शनिवारी डॉक्टरांच्या मोठ्या परिषदेत ती हे मांडणार होती, आणि बाकीची इस्पितळं तिच्या शब्दावर डोस वाढवणार होती.

मी कागदांवर वाकलो. मला त्यातलं काय कळणार? पण रंगीत रेघा सरळ येत होत्या आणि मधेच एका जागी सगळ्यांना एक पायरी होती. आयुष्यभर पायऱ्या केल्या, त्यामुळे पायरी मला कळते. मी विचारलं, "ताई, ही पायरी सगळ्यांची सारखीच कशी?"

"तेच तर नवल आहे," ती म्हणाली. कुठे सोळा मिलिमीटर, कुठे अठरा, सरासरी सतरा. फक्त पाटीवर झोपवून मोजायच्या बाळांना पायरी नाही. ती उभी राहून मोजायला लागली की त्यांनाही येते. यावर ताईनं एक सिद्धांत बांधला होता: हाडांवर शरीराचा भार आल्याशिवाय औषध कामच करत नाही. परिषदेच्या अध्यक्षांनी या सिद्धांताचं पत्र पाठवून कौतुक केलं होतं. पत्र फ्रिजवर लावलेलं होतं.

नऊ मिलिमीटर टाईल, आठ मिलिमीटर खालचा सिमेंटचा माल. सुतारानं दार किती तासू असं विचारलं तेव्हा मीच त्याला आकडा सांगितला होता. जमीन सतरा मिलिमीटर वर आली होती आणि भिंतीवरची पट्टी होती तिथेच होती. मूल जमिनीवर उभं राहतं, म्हणजे मूल वर गेलं.

मी चहा न पिता घरी आलो.

चार दिवस माझ्या तोंडाला कुलूप. माझंच चुकत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. एवढे डॉक्टर, एवढे आकडे, आणि नववी नापास माणसानं लहान तोंडी मोठा घास घ्यायचा? खरं कारण वेगळं होतं. मी घाबरलो होतो. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलं होतं आणि ते माझ्याच हातानं मोडायचं होतं. बुधवारी जेवताना बायकोला सांगितलं. तिनं पोळी ताटात वाढली आणि म्हणाली, "दुप्पट इंजेक्शन तुमच्या मांडीत द्यायचं असतं तर तुम्ही रविवारीच बोलला असता." माझी बायको कमी बोलते. परवडतही नाही तिनं जास्त बोललेलं.

गुरुवारी सकाळी खोली उघडायच्या आधी टेप घेऊन गेलो. ताई आधीच येऊन बसली होती. मी गुडघ्यावर बसलो, टेप फरशीला टेकवला आणि लाल रेघेपर्यंत नेला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन. ताईनं चष्मा लावला, माझ्याशेजारी जमिनीवर बसली, माझ्या हातातून टेप घेतला आणि स्वतः मोजलं. मग दुसऱ्या टोकाकडून मोजलं. मग कपाटातला बावीस वर्षांपूर्वीचा पोलादी टेप काढून मोजलं. टेपचं ऐकून घेतलं तिनं तिन्ही वेळा.

मी म्हणालो की चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं. तिनं मान हलवली. "तू फरशी बसवलीस. भिंतीवर विश्वास मी ठेवला," ती म्हणाली. ती तशीच भिंतीला टेकून बसली, परकर-पोलक्यात असताना आईनं रागावल्यावर बसायची तशी. मग मला वाटलं ती परिषदेबद्दल बोलेल, किंवा फ्रिजवरच्या पत्राबद्दल. ती म्हणाली, "सोमवारी वकीलबाई येणार आहे. तिला मी काय सांगू?"

वकीलबाई म्हणजे अकरा वर्षांची एक रोगी. इंजेक्शन उजव्या मांडीत का, डाव्या का नाही, मागच्या वेळी कुठल्या दिलं होतं, वहीत दाखवा, अशी उलटतपासणी घेतल्याशिवाय ती सुई टोचू देत नाही. फरशी बदलल्यापासून सहा मुलांनी भिंतीवर सह्या केल्या होत्या. त्यातली पाच आता खरोखरच शंभराच्या पुढे गेली होती. सहावी वकीलबाई. मागच्याच महिन्यात ती शंभर पूर्णांक चार भरली, तिनं मोठ्ठी वळणदार सही केली, आणि तिच्या वडिलांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. खरी उंची अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात.

परिषदेला ताई मलाही घेऊन गेली. कोणी विचारलं की भिंत कोणी मोजली, तर दाखवायला. भावोजींचा कोट घालून मी शेवटच्या रांगेत बसलो. बाह्या मनगटाच्या पुढे येत होत्या. ताईनं पडद्यावर सगळ्या रेघा दाखवल्या, पायरी दाखवली, सभागृह खूश झालं. मग तिनं फरशीचा फोटो दाखवला आणि सांगितलं की हे संशोधन चुकीचं आहे, औषधानं उंची वाढत नाही, डोस कोणीही वाढवू नये, आणि भार घेणाऱ्या हाडांचा तिचा सिद्धांत म्हणजे बाळं पाटीवर मोजली जात होती आणि पाटीवर झोपलेल्याला फरशीची उंची लागत नाही, इतकंच. मला वाटलं मी कोटात आणखी खाली सरकून नाहीसं व्हावं. एवढ्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर उठले आणि त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की त्या फरशीनंतर मुलं घसरून पडायची थांबली का. ताई म्हणाली, "एकही पडलं नाही." तेव्हा ते म्हणाले की मग या अभ्यासात दुष्परिणाम नसलेला उपचार एकच, आणि तो करणाऱ्याला पुढे बोलवा. सभागृह हसलं आणि मग टाळ्या वाजल्या. ताई हसली, पण मी तिचा भाऊ आहे. ती घरी येताना गाडीत रडली. मी खिडकीबाहेरच्या इमारतींचे मजले मोजत बसलो.

सोमवारी मी आधीच जाऊन पट्टीवर नवी पट्टी लावली, सतरा मिलिमीटर वर, लेव्हल धरून, ओळंबा सोडून. लाल रेघही वर गेली. वकीलबाईनं जुन्या रेघेला चिकटून केलेली सही आता नव्या रेघेच्या खाली आली.

ती आली, भिंतीकडे बघितलं आणि तिथेच थांबली. ताईनं तिला पलंगावर बसवलं नाही, स्वतः खाली फरशीवर बसली, म्हणजे दोघींची डोकी एका पातळीला आली. सगळं सरळ सांगितलं. फरशी, टेप, आकडा. वकीलबाईचे वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"माझी उंची कमी झाली?" मुलीनं विचारलं.

"नाही. तू आहेस तेवढीच आहेस. आम्ही चुकीचं मोजलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी," ताई म्हणाली.

मी दारातून म्हणालो की फरशी माझी. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग डोळे भरले, पण तिनं पाणी पडू दिलं नाही, नाक ओढलं. मी म्हणालो की सहीवर रंग मारून देतो, कुणाला कळणारही नाही. ती म्हणाली, "नाही. तसं करत नाहीत." तिनं ताईच्या खिशातला मार्कर ओढून काढला, भिंतीशी गेली आणि आपल्या नावावर एक रेघ मारली. एकच, खालचं नाव वाचता येईल अशी. मग मार्कर ताईपुढे धरला. "आता तुम्ही शेजारी सही करा."

ताईनं केली. मग वकीलबाईनं तो मार्कर माझ्याकडे दिला. मी आयुष्यात पावत्यांवर सोडून कुठे सही केली नव्हती. त्या भिंतीवर मी पूर्ण नाव लिहिलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी टेप घेऊन ताईच्या खोलीत जातो, जमिनीपासून शंभरापर्यंत मोजतो आणि वहीत लिहितो. ताईनं वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर तिनं 'फरशी' असं लिहिलं आहे. तिच्या दुरुस्तीच्या निबंधात शेवटी आभार मानले आहेत, त्यात माझंही नाव छापून आलं. बायकोनं ते पान फ्रिजवर लावलं, आणि आल्यागेल्याला सांगते की यांना नववी पास करून घ्या आता.

इंजेक्शन चालू राहिलं, जुन्याच डोसात. हाडं त्यानं खरोखर घट्ट होत होती, एवढं वहीत उरलं. ताईनं नवं संशोधन सुरू केलं आहे. भावोजींना टेबलावर पुन्हा कप ठेवता येत नाही.

पाच महिन्यांनी, अशाच एका पहिल्या सोमवारी, वकीलबाई आली. आधी मला जमीन मोजायला लावली. मी मोजली. मग बूट काढून, केस दाबून बसवून ती भिंतीला उभी राहिली. टाचा टेकल्या, पाठ टेकली. ताईनं लाकडी त्रिकोण तिच्या डोक्यावर अलगद टेकवला. वडील श्वास रोखून होते. नर्स वाकून बघत होती, आणि तिनंच आधी हात वर केले. शंभर, नर्स म्हणाली, झाले शंभर. वडील हसायला लागले. मीही मार्कर शोधायला लागलो. ताई मात्र त्रिकोण धरून बघत राहिली. मला तिच्या गप्प बसण्याचा राग आला, अगदी खरा राग. एक मिलिमीटरानं काय होतं? मी जन्मभर त्याहून मोठ्या फटी मालानं बुजवल्या आहेत. लिहून टाक ना, बाई.

वकीलबाई त्रिकोणाखालून हळूच बाहेर आली, ताईचा हात जागचा न हलवता. रेघेकडे बघितलं. मग दोन पावलं मागे जाऊन पुन्हा बघितलं.

"नव्व्याण्णव पूर्णांक नऊ," ती म्हणाली. "लिहा."

ताईचे डोळे वाहत होते, आणि तिनं ते पुसले नाहीत. तिनं वही उघडली, मुलीला शेजारी बसवून घेतलं आणि लिहिलं. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. वकीलबाईनं आकडा तपासला, मार्कर माझ्या हातातून घेतला, त्याचं टोपण लावलं आणि मला सांगितलं, "काका, पुढच्या महिन्यात टेप विसरू नका."